माशी कळपात, नोंद कुठेच नाही

उन्हाळा सुरू झाला की हिमालयातील उंच कुरणांकडे दोन प्रकारचे लोक निघतात. पहिले मेंढपाळ. हिमाचल प्रदेशातील गद्दी, जम्मू-काश्मीरमधील बकरवाल, उत्तराखंडातील भोटिया हे समाज शेळ्या-मेंढ्यांचे कळप घेऊन ठरलेल्या वाटांनी खिंडी ओलांडतात आणि बर्फ वितळून हिरव्या झालेल्या माळांवर काही महिने मुक्काम करतात. दुसरे पाहुणे. यात यात्रेकरू येतात, पदभ्रमण करणारे तरुण येतात, हौशी छायाचित्रकार येतात. पुणे-मुंबईहून दरवर्षी जाणाऱ्यांची संख्याही लहान नाही. एकट्या चारधाम यात्रेला २०२३मध्ये पन्नास लाखांहून अधिक भाविक गेले. ज्या कुरणांना आपण निर्जन अरण्यप्रदेश समजतो, तिथे या मोसमात माणसे आणि जनावरे यांची मोठी दाटी झालेली असते. नेमक्या याच दिवसांत, याच उन्हाच्या वेळी, तिथे काही माश्या आपली अळी वाढवण्यासाठी एखादा जिवंत देह शोधत असतात.

या विषयाचे नाव काढताच किळस वाटते आणि चर्चा तिथेच थांबते. माशीच्या अळ्यांनी जिवंत माणसाच्या किंवा जनावराच्या शरीरात वस्ती करणे, याला वैद्यकशास्त्रात ‘मायासिस’ म्हणतात. इंग्रज कीटकतज्ज्ञ फ्रेडरिक होप यांनी १८४०मध्ये माशीसाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून हे नाव घडवले. आपल्या खेड्यांत मात्र ‘जखमेत किडे पडले’, ‘आसडी झाली’ अशा शब्दांत हा प्रकार फार पूर्वीपासून ठाऊक आहे. किळस बाजूला ठेवून पाहिले, तर या प्रश्नातून आपल्या सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेतील एक फट स्पष्ट दिसते. माणसाचा आजार एका खात्याकडे आणि जनावराचा दुसऱ्या खात्याकडे असतो. जो आजार या दोघांच्या मधोमध घडतो, त्याची नोंद कुणाकडेच होत नाही.

डोळ्यावर आदळलेली माशी

डोंगराळ कुरणांतील पाहुण्यांच्या बाबतीत सर्वाधिक परिचित प्रकार आहे तो मेंढीच्या नाकातील अळीच्या माशीचा. तिचे शास्त्रीय नाव ‘इस्ट्रस ओव्हिस’. मेंढपाळी चालते अशा जगातील बहुतेक साऱ्या प्रदेशांत ती आढळते. महाराष्ट्रातील धनगरांच्या कळपांनाही ती नवी नाही. या माशीचे वर्तन विलक्षण आहे. प्रौढावस्थेत ती काहीही खात नाही, कारण तिचे तोंड खाण्याच्या कामाचेच उरलेले नसते. आयुष्य अवघ्या काही आठवड्यांचे. ती अंडी घालत नाही. अंडी पोटातच उबतात आणि उडता उडता, मेंढीच्या अंगावर न बसता, ती जिवंत अळ्यांचा सूक्ष्म फवारा नाकपुडीवर सोडते. एक मादी आयुष्यात अशा शेकडो अळ्या सोडू शकते. अळ्या मेंढीच्या नाकात आणि कपाळाच्या पोकळ्यांत वाढतात, थंडीच्या दिवसांत तिथेच सुप्त राहतात आणि पूर्ण वाढ झाली की शिंकेबरोबर बाहेर पडून मातीत कोश करतात.

मेंढ्यांना या माशीची चाहूल बरोबर लागते. भर उन्हात त्या अचानक चरणे सोडतात, एकमेकींच्या लोकरीत नाक खुपसतात किंवा मान खाली घालून दाटीवाटीने उभ्या राहतात. चरण्याचे तास बुडतात, नाकातून सतत स्राव वाहतो, श्वासाला त्रास होतो, वजन घटते. माणसाला मात्र अशी चाहूल लागत नाही. माशीचा नेम चुकतो, किंवा मेंढ्यांच्या सहवासातील माणसाच्या डोळ्याचा ओलावा तिला फसवतो, आणि फवारा डोळ्यात जातो. रुग्ण बहुधा एकच गोष्ट सांगतो : काहीतरी येऊन डोळ्यावर आदळले. काही तासांत डोळा लाल होतो, पाणी येते, खुपते, आत काही वळवळल्यासारखे वाटते.

ही अळी जेमतेम एक मिलिमीटर लांबीची आणि अर्धपारदर्शक असते. तोंडाजवळच्या आकड्यांनी ती पापणीच्या आतल्या अस्तराला घट्ट धरून ठेवते, म्हणून पाण्याने डोळा धुऊन ती निघत नाही. शिवाय प्रकाश पडताच ती पापणीच्या घडीत सरकते. साध्या विजेरीने तपासणाऱ्या डॉक्टरला केवळ लाल डोळा दिसतो. ‘डोळे आले आहेत’ असे निदान होते आणि प्रतिजैविकाचे थेंब देऊन रुग्णाची रवानगी होते. योग्य उपचार खरे तर सोपा आहे. डोळा बधिर करायचा, सूक्ष्मदर्शक दिव्याखाली पापण्या उलटून पाहायच्या आणि बारीक चिमट्याने एकेक अळी काढायची. माणसाच्या डोळ्यात या अळीची पुढची वाढ सहसा होत नाही, त्यामुळे बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होतात. मात्र आकड्यांमुळे बुबुळाला ओरखडे पडू शकतात, आणि क्वचित प्रसंगी माशीची अळी डोळ्याच्या आत शिरली, तर दृष्टीच धोक्यात येते.

उत्तर भारतातून अशा रुग्णांचे वृत्तांत नेत्रतज्ज्ञांच्या व परजीवीशास्त्राच्या नियतकालिकांत अधूनमधून प्रसिद्ध होत आले आहेत. प्रत्येक वृत्तांतात साधारण एकच वाक्य असते : हा प्रकार दुर्मीळ आहे. तो खरोखर दुर्मीळ आहे, की केवळ दुर्मीळपणे ओळखला जातो, याचा निवाडा करता येईल अशी आकडेवारी आपण गोळाच केलेली नाही.

त्वचेखालची भटकंती

मेंढीची माशी ही एकटी नाही. गाई-बैलांच्या पाठीवर गाठी उठवणारी ‘हायपोडर्मा’ ही माशी उत्तर भारतातील गुरांमध्ये आढळते. तिची अंडी केसांना चिकटलेली असतात, अळी त्वचा भेदून आत शिरते, शरीरातून काही महिने प्रवास करते आणि अखेर पाठीच्या कातडीला भोक पाडून बाहेर येते. शेळ्यांमध्ये याच कुळातील दुसरी माशी जम्मू आणि हिमाचलच्या पट्ट्यात परिचित आहे. या भोकांमुळे कातड्याची किंमत उतरते. चामड्याच्या व्यवसायाला हे नुकसान जुने आहे. कसायाला आणि चर्मकाराला ते ठाऊक असते, मात्र दवाखान्यातील डॉक्टरपर्यंत ही माहिती पोहोचत नाही.

अशी अळी चुकून माणसाच्या शरीरात शिरली, तर तिला वाट सापडत नाही. ती त्वचेखालून भटकत राहते. आज खांद्यावर सूज, दोन दिवसांनी मानेवर, पुढच्या आठवड्यात कपाळावर. घोडे आणि खेचरे यांच्या पोटातील ‘गॅस्टरोफिलस’ माशीची अळी माणसाच्या त्वचेत गेली, तर नागमोडी, खाजरी रेघ पुढे पुढे सरकताना दिसते. हिमाचल प्रदेशातील त्वचारोगतज्ज्ञांनी अशा भटक्या अळ्यांच्या रुग्णांविषयी लिहिले आहे. केदारनाथ, यमुनोत्री, अमरनाथ या मार्गांवर खेचरे आणि तट्टू यांच्यावर हजारो यात्रेकरू बसतात, त्यांना खरारा करणारी मुले त्यांच्याच शेजारी झोपतात, हे ध्यानात घेतले, तर ही केवळ पुस्तकातील शक्यता राहत नाही.

तथापि भारतातील मायासिसचा सर्वांत मोठा भार या माश्यांमुळे पडत नाही. तो ‘क्रायसोमिया बेझियाना’ या माशीचा आहे. ती जखमेच्या किंवा शरीराच्या उघड्या छिद्रांच्या कडेला अंडी घालते आणि तिच्या अळ्या जिवंत मांस पोखरत आत जातात. वॉल्टर पॅटन या कीटकशास्त्रज्ञांनी १९२०च्या दशकात, भारतातील माणसांच्या व जनावरांच्या अशा बाधेत या माशीचा मोठा वाटा असल्याचे दाखवून दिले होते. आज शंभर वर्षांनंतरही तिचे बळी तेच आहेत : कुष्ठरोगामुळे संवेदना गेलेले, मधुमेहाने पायाला जखम झालेले, अंथरुणाला खिळलेले वृद्ध, रस्त्यावर राहणारे मनोरुग्ण. पाहुण्याच्या डोळ्यातील अळी काही मिनिटांत निघते; यांच्या नाकातील किंवा जखमेतील अळ्या चेहऱ्याचा भाग खाऊन टाकतात.

उत्तर ध्रुवाजवळचा धडा

नॉर्वेचा अगदी उत्तरेकडील फिनमार्क प्रांत हा रेनडियर पाळणाऱ्या सामी समाजाचा मुलूख. तिथेही हायपोडर्मा कुळातील एक माशी रेनडियरच्या अंगावर वाढते. उन्हाळ्याच्या अखेरीस तिथल्या काही मुलांच्या डोक्यावर आणि चेहऱ्यावर जागा बदलणारी सूज दिसू लागली, मानेतील गाठी वाढल्या. माशीची मादी माणसाच्या केसांत अंडी घालत होती. तिथल्या डॉक्टरांनी रुग्णांची माहिती एकत्र केली, रक्तातील प्रतिद्रव्यांची चाचणी वापरली आणि २०११ ते २०१६ या काळातील ३९ रुग्णांची मालिका २०१७मध्ये प्रसिद्ध केली. त्यांत बहुसंख्य मुले होती. आयव्हरमेक्टिन हे औषध दिल्याने अळी डोळ्यापर्यंत पोहोचण्याआधी बाधा थांबवता येते, हे त्या अनुभवातून ठळक झाले. उत्तर कॅनडातून याच माशीची अळी डोळ्याच्या आत शिरल्याचा वृत्तांत २००८मध्ये आला होता.

फिनमार्कची लोकसंख्या आपल्या एखाद्या मोठ्या तालुक्यापेक्षाही कमी आहे. तिथे ३९ रुग्ण सापडले, कारण कुणीतरी एका रुग्णाची माहिती दुसऱ्याच्या शेजारी ठेवून पाहिली. हे काम महागड्या यंत्राचे नव्हे. आपल्याकडे कांगड्यातील त्वचारोगतज्ज्ञ, लेहमधील नेत्रतज्ज्ञ आणि दिल्लीला परतल्यावर पर्यटकाला तपासणारा डॉक्टर यांची निरीक्षणे एकमेकांना भेटण्याची व्यवस्थाच नाही.

बाहेरून आलेल्या माणसाच्या शरीरावर स्थानिक आजार प्रथम ठळकपणे दिसतो, हाही इतिहासाचा दाखला आहे. दक्षिण अफगाणिस्तानातील ब्रिटिश सैनिकांत मेंढीच्या माशीमुळे डोळ्यांच्या बाधेची साथ आली, तिचे वर्णन २००८मध्ये प्रसिद्ध झाले. उत्तर इराकमधील अमेरिकी सैनिकांबाबतही असाच वृत्तांत आहे. ज्या मेंढपाळांच्या कळपांतून या माश्या उठत होत्या, त्यांच्या डोळ्यांविषयी मात्र अशी मालिका कुणी लिहिली नाही. अल्जेरियात सर्जां बंधूंनी १९०७मध्ये हा आजार वैद्यकीय साहित्यात मांडला, तेव्हा त्यांनी स्थानिकांनी दिलेलेच ‘थिम्नी’ हे नाव वापरले. आजार मेंढपाळांच्या भाषेत आधीपासून होता; डॉक्टरांच्या वहीत तो उशिरा आला. गद्दी आणि बकरवाल यांच्या बोलीत या अळीला काय म्हणतात, हे आपल्या आरोग्य केंद्रांनी त्यांना विचारायला हवे.

खाते दोन, रुग्ण एक

देशातील साथरोग सर्वेक्षण कार्यक्रम २००४मध्ये सुरू झाला. २०२१मध्ये त्याला एकात्मिक आरोग्य माहिती व्यासपीठाची जोड मिळाली आणि देखरेखीखालील आजारांची संख्या ३३पर्यंत गेली. त्या यादीत मायासिसला स्थान नाही. प्रत्येक आजार यादीत असावा, असा आग्रह धरणे शहाणपणाचे नाही. यादी जितकी लांब, तितकी नोंद भरणाऱ्या कर्मचाऱ्याची दमछाक अधिक. तथापि आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत मायासिसला बी-८७ हा स्वतंत्र संकेतांक आहे, आणि त्यात त्वचा, जखम, डोळा, नाक-घसा, कान असे उपप्रकारही आहेत. रुग्णालयांनी हा संकेतांक नीट भरला आणि डोंगराळ जिल्ह्यांतील वैद्यकीय महाविद्यालयांनी वर्षाअखेरीस तो एकत्र केला, तरी नव्या योजनेविना पहिला अंदाज हाती येईल.

जनावरांच्या बाजूला यंत्रणा कमी नाही. २०१९च्या पशुगणनेनुसार देशात सुमारे ७.४ कोटी मेंढ्या आणि १४.९ कोटी शेळ्या आहेत. शेळ्या-मेंढ्यांमधील ‘पीपीआर’ या प्लेगसदृश रोगाचे निर्मूलन २०३०पर्यंत करण्याचे उद्दिष्ट आहे आणि त्यासाठी लसीकरण पथके कळपांपर्यंत जातात. फिरते पशुवैद्यकीय दवाखाने १९६२ या क्रमांकावर बोलावता येतात. जे पथक लस टोचायला कळपात उभे आहे, त्याला नाकातून स्राव वाहणाऱ्या मेंढ्या किती आणि पाठीवर गाठी असलेल्या शेळ्या किती, एवढे मोजायला फार वेळ लागणार नाही. आज तो रकानाच कागदावर नाही.

उपचाराच्या बाबतीत मात्र घाई घातक ठरू शकते. आयव्हरमेक्टिन स्वस्त आहे, म्हणून सरसकट सगळ्या कळपांना ते पाजण्याचा मोह होईल. गुरांच्या हायपोडर्माबाबत औषधाची वेळ फार महत्त्वाची असते. माशीचा हंगाम संपताच औषध दिले, तर अळी लहान असतानाच मरते. उशीर झाला आणि अळी अन्ननलिकेच्या भिंतीत किंवा मणक्याच्या पोकळीत असताना मेली, तर जनावराला गंभीर इजा होते. या औषधाचे अवशेष शेणातून बाहेर पडतात आणि शेण कुजवणाऱ्या किड्यांना मारतात, ज्यांच्यावर त्याच कुरणाची सुपीकता अवलंबून असते. जंतांमध्ये प्रतिकारशक्ती वाढण्याचा धोका वेगळाच. म्हणून औषधापूर्वी मोजणी हवी, आणि मोजणीनंतर त्या त्या खोऱ्यातील माशीच्या हंगामाप्रमाणे वेळापत्रक हवे. कळप कोणत्या आठवड्यात कोणती खिंड ओलांडतो, हे मेंढपाळच अचूक सांगू शकतो. त्याला सोबत घेतल्याखेरीज असे वेळापत्रक बनणार नाही.

शिस्तीने काम केले, तर काय साध्य होते याची उदाहरणे आहेत. ब्रिटन, आयर्लंड, डेन्मार्क या देशांनी गुरांची सक्तीची तपासणी आणि उपचार करून हायपोडर्माला जवळपास संपवले. अमेरिकेने मांस पोखरणाऱ्या ‘स्क्रूवर्म’ माशीचे नर किरणोत्साराने निर्बीज करून आकाशातून सोडले आणि १९६६मध्ये ती माशी देशातून संपल्याचे जाहीर केले. लिबियात १९८८मध्ये ती शिरली, तेव्हा याच तंत्राने काही वर्षांत तिचा नायनाट झाला. अलीकडे ती पुन्हा मध्य अमेरिकेतून उत्तरेकडे सरकली आहे. ऑगस्ट २०२५मध्ये एल साल्वाडोरहून अमेरिकेत परतलेल्या एका प्रवाशाला तिची बाधा झाल्याचे जाहीर झाले आणि मानवी आरोग्य व पशुआरोग्य या दोन्ही यंत्रणांनी त्याची दखल घेतली. एका प्रवाशाच्या जखमेतील अळीचा अर्थ गुरांच्या कळपांसाठी काय होतो, हे तिथे कुणाला समजावून सांगावे लागले नाही.

आपल्याकडे या विचाराची चौकट तयार आहे. ‘एक आरोग्य’ म्हणजे माणूस, जनावर आणि परिसर यांचे आरोग्य एकत्र पाहणे, हे तत्त्व केंद्राने राष्ट्रीय अभियान म्हणून स्वीकारले आहे. नागपुरात राष्ट्रीय एक आरोग्य संस्थेची पायाभरणी डिसेंबर २०२२मध्ये झाली. अशा संस्थांचे लक्ष साहजिकच मोठ्या साथींकडे असते : बर्ड फ्लू, निपाह, रेबीज. ते योग्यही आहे. पण दोन खात्यांना एकत्र काम करण्याची सवय महासाथीच्या ऐन धुमाळीत लागत नाही. ती लहान, कमी घाईच्या, कमी भीतीच्या प्रश्नांवर लावून घ्यावी लागते. मेंढीच्या नाकातील अळी हा तसा सराव करण्याजोगा प्रश्न आहे. ती दिसते, मोजता येते, ओळखता येते, आणि उपायही उपलब्ध आहे.

आरंभ कुठून करावा

पाहुण्यांनी करायच्या गोष्टी थोड्या आहेत. कळपाजवळून जाताना चष्मा आणि टोपी वापरावी. डोळ्यावर काही आदळून खुपू लागले, तर चोळू नये आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा. उघड्या जखमेवर पट्टी ठेवावी. घरी परतल्यावर जागा बदलणारी सूज किंवा पुढे सरकणारी खाजरी रेघ दिसली, तर आपण कुठे गेलो होतो, हे डॉक्टरांना न विचारता सांगावे. डॉक्टरांनीही लाल डोळ्याच्या प्रत्येक रुग्णाला एक प्रश्न अधिक विचारावा : अलीकडे शेळ्या-मेंढ्या किंवा घोडे-खेचरांजवळ गेला होतात का? आणि पापणी उलटून पाहावी.

शासनाचे काम याहून थोडे मोठे आहे. हिमाचल प्रदेश, उत्तराखंड, जम्मू-काश्मीर आणि लडाख येथे एका मोसमापुरता जरी प्रयोग केला आणि कुरणांच्या वाटेवरील आरोग्य केंद्रे व पशुवैद्यकीय पथके यांनी एकाच कागदावर नोंद केली, तरी बरेच उमजेल. त्यासाठी लागतील सूक्ष्मदर्शक दिवे, अळ्या जपून ठेवायला मद्यार्काच्या छोट्या बाटल्या, ओळख पटवणारा एक कीटकतज्ज्ञ आणि थोडे प्रशिक्षण. रुग्णांची संख्या खरोखरच नगण्य निघाली, तर तेही एक ठोस उत्तर असेल आणि पैसा अन्यत्र वळवता येईल.

पाहुणा दोन आठवड्यांत परत येतो. त्याच्याजवळ प्रवासाचा विमा असतो, शहरातील नेत्रतज्ज्ञ असतो, आणि त्याच्या डोळ्याची गोष्ट नियतकालिकात छापली जाण्याची शक्यताही असते. मेंढपाळ बर्फ पडेपर्यंत तिथेच राहतो. त्याचा लाल डोळा धुराने झाला की माशीने, हे पाहायला खाली उतरून एक-दोन दिवस चालावे लागते, आणि तेवढे दिवस कळप कुणाच्या हवाली करायचा, हा त्याचा पहिला प्रश्न असतो. नोंदीचा नवा कागद काढायचाच असेल, तर त्यावर पहिला रकाना या मेंढपाळासाठी आणि त्याच्या कळपासाठी असावा.